डिक्कीत टोपलं मावते का

सगळ्यात आधी माफी मागतो. मी लेखक नाही. दहावीपर्यंत गावच्या मराठी शाळेत शिकलो, पुढे आदिलाबादला कॉलेजात सगळं तेलुगूत आणि इंग्रजीत. तेव्हापासून मराठीत सलग दोन पानं लिहायचा प्रसंग आला नाही. त्यात विषय मोटारीच्या इंजिनाचा, आणि मला सायकलशिवाय काही चालवता येत नाही. बी.ए.च्या पुस्तकांत इंजिन एकदाच आलं, औद्योगिक क्रांतीच्या धड्यात, आणि ते वाफेचं होतं. तरीही लिहितो आहे, कारण आमच्या घरात जुनी गाडी घ्यायची ठरली तेव्हा जाणकार म्हणून मलाच बसवलं होतं.

आमच्या घराण्यात कॉलेजपर्यंत पोचलेला मी पहिलाच. त्यामुळे छापलेलं जे काही घरात येतं ते माझ्या हातात दिलं जातं. गोळ्यांचं पाकीट, फवारणीच्या डब्यावरची सूचना, एकदा तर एका लग्नाची पत्रिका, बरोबर छापली आहे का ते बघायला. मला माहीत नाही असं मी सांगून पाहतो. लोकांना तो माझा नम्रपणा वाटतो.

गाडी आईला हवी होती, हे आताच सांगून ठेवतो, कारण पुढे ते कोणाच्या लक्षात राहणार नाही.

आमचं गाव तामसीच्या पलीकडे. शेतात कापूस, आणि विहिरीजवळच्या तुकड्यात आई भाजी काढते. मेथी, वांगी, सांबार म्हणजे कोथिंबीर. टोपली घेऊन ती सकाळच्या बसने आदिलाबादला जाते. बायकांना बसचं तिकीट लागेनासं झाल्यापासून बस आमच्या गावाला येईपर्यंत भरलेली असते. कंडक्टर म्हणतो, "अम्मा, नुव्वु एक्कु, बुट्टा वद्दु." म्हणजे तू चढ, टोपलं नको. आई टोपल्याशिवाय जाऊन काय करणार? ती पुढच्या बसची वाट बघते, तोवर मेथी मान टाकते, आणि बाजारातला दलाल त्या मेथीकडे बघून स्वतःही तसंच तोंड करतो.

या हिवाळ्यात तिथल्या एका खानावळवाल्या बाईने आईला सांगितलं, "संक्रांतीपासून रोज सातच्या आत ताजी भाजी आणून दे. वर्षभर तुझ्याकडूनच घेईन. नाही जमलं तर तसं सांग, मी दुसरी बघते." आई त्या दिवशी घरी आली ती निम्मं बोलत, निम्मं हसत. दलालाचं तोंड पुन्हा बघावं लागणार नव्हतं.

बाबांनी लगेच मनावर घेतलं. एकट्याला गाडी झेपणार नव्हती, म्हणून तिघा भावांनी सावडीत घ्यायची ठरलं. पूर्वी आमच्याकडे ज्याच्याकडे एकच बैल तो दुसऱ्या एकबैलवाल्याशी सावड करायचा आणि दोघांची शेतं आळीपाळीने नांगरली जायची. तसंच हे, फक्त बैलाच्या जागी जुनी हॅचबॅक. बैलाला काय खायला घालायचं यावर मात्र कधी भांडण झालं नव्हतं.

माझे मोठेबाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, यांच्याकडे ट्रॅक्टर आहे आणि कोठ्यात, म्हणजे गोठ्यात, डिझेलचे कॅन. त्यामुळे गाडी डिझेलचीच चांगली असते असं त्यांचं मत होतं. काकांचं किराणा दुकान आहे आणि दारात पेट्रोलच्या बाटल्या मांडलेल्या असतात. गाडी पेट्रोलचीच चांगली, असं ते म्हणत. दोघांनीही आपलं मत अनुभवातून बनलेलं आहे असं सांगितलं, आणि ते खरंच होतं.

बैठक आमच्या पुढच्या खोलीत झाली. विकायचा कापूस तिथे छातीपर्यंत रचलेला होता, म्हणून सगळे कापसावरच बसले. मोठेबाबा वजनदार माणूस. बोलता बोलता खाली खाली जायचे आणि मुद्दा ठासून सांगायला पुन्हा वर यायचे.

"डिझेल म्हंजे बैल हाय गा," ते म्हणाले. "पेट्रोल म्हंजे बकरी."

"बकरी तं बकरी," काका म्हणाले. "बैल सकाळी उठते का लवकर? थंडीत तुमच्या ट्रॅक्टरले आमी धक्का मारून राह्यलो, इसरले का?"

"कधी मारला?"

"परवा मारला."

बाबा दोघांच्या मध्ये बसलेले. ते माझ्याकडे वळले. "तू सांग. कालेजात हायस तू."

मी आठवडाभर मोबाईलवर व्हिडिओ पाहिले होते. शहरातले लोक गाडीभोवती फिरत फिरत बोलत होते. त्यातला टॉर्क हा शब्द मला आवडला होता, म्हणून तोच आधी समजावून सांगितला.

"म्हंजे जोर?" बाबा म्हणाले.

"हो."

"मग जोर म्हन ना."

मग मी मला कळलं ते सांगितलं. रोज थोडंच अंतर जायचं असेल तर पेट्रोल बरं, लांबलांब फिरायचं असेल तर डिझेल. म्हणून आधी आपली गरज ओळखली पाहिजे. हे वाक्य मी व्हिडिओतूनच उचललं होतं, पण खोलीत त्याचा चांगला परिणाम झाला. सगळे आपापली गरज आठवू लागले. मोठेबाबांना वांकिडीच्या सोयऱ्यांकडे लग्नाला जायचं होतं. काकांना महाराष्ट्रातून दुकानाचा माल आणायचा होता.

"गरजेचं काय," बाबा म्हणाले, "गाडी आली का पडते."

आत चुलीपाशी आई होती. आमच्यात बाई भासऱ्यासमोर, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, बोलत नाही. बोलायचंच असेल तर कोणाच्या तरी तोंडून. माझं लहानपण आईचे निरोप मोठेबाबांना त्यांच्यापासून चार हातांवर उभं राहून सांगण्यात गेलं आहे. तिने मला आत बोलावलं आणि हळूच म्हणाली, "डिक्कीत टोपलं मावते का, एवढं विचार त्याइले."

मी बाहेर आलो. मोठेबाबा नुकतेच कापसातून वर आले होते आणि बैलाबद्दल बोलत होते. मी थांबलो. मग काका बोलले. मग पुन्हा मोठेबाबा. शेवटी मी म्हणालो, "आई विचारते, डिक्कीत टोपलं मावतं का."

"आधी इंजिन ठरू दे," मोठेबाबा म्हणाले. "डिक्की तं सगळ्याइलेच असते."

मी आत जाऊन तसं सांगितलं. आईने चुलीत फुंकर घातली, जरा जास्तच जोराची.

पुढच्या रविवारी आम्ही चौघे आदिलाबादला जुन्या गाड्यांच्या दुकानात गेलो. एकाच बनावटीच्या तीन गाड्या रांगेत उभ्या होत्या. पांढरी पेट्रोलची, राखाडी डिझेलची, आणि कडेला एक लाल. दुकानदार गोड बोलणारा. मोठेबाबांना राखाडी गाडीपाशी नेऊन म्हणाला, "शेठ, इंजिन तो डिझेल का." काकांना पांढरीपाशी म्हणाला, "भैया, आजकल डिझेल कौन लेता है." दोघांनाही तो माणूस जाणकार वाटला.

राखाडी सुरू केली तेव्हा मोठेबाबांनी डोळे मिटून आवाज ऐकला. "गाडी आली हे वेशीपासून समजलं पाह्यजे," ते म्हणाले. पांढरी सुरू केली तेव्हा कानावर हात ठेवून म्हणाले, "चालू झाली का नाई?" काकांना हा अपमान वाटला. ते पांढऱ्या गाडीत जाऊन बसले आणि काच वर केली.

मी तेवढ्यात पांढरीच्या मागच्या काचेतून आत डोकावलो. डिक्की रिकामी होती, एक घडी केलेलं पोतं तेवढं पडलेलं. मी दुकानदाराला विचारलं, "डिक्की..."

"तम्मी," तो मला धाकटा भाऊ करून म्हणाला, "डिक्की में स्टेपनी है, जॅक है, सब है."

"डिक्कीत काय झोपाचं हाय तुले?" मोठेबाबा म्हणाले.

भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. बाबा दोघांमधून येरझाऱ्या घालत होते. दुकानदाराने हे सगळं पाहिलं आणि लाल गाडीच्या टपावर हात ठेवला. "दोनों भाई का दिल रखना है, तो ये गॅसवाली ले जाओ."

"डिझेल नाई ना हे?" काकांनी काच खाली करून विचारलं.

"ना."

"पेट्रोलची तं नाई?" मोठेबाबा.

"गॅस है, शेठ."

दोघांचेही चेहरे खुलले. कोणाचंच इंधन नाही म्हणजे कोणाचीच हार नाही. गॅस भरायचा पंप कुठे आहे हे कोणी विचारलं नाही, आणि तो दूर हायवेवर आहे हे मी सांगू लागलो तेव्हा बाबांनी माझा हात दाबला. त्यांचे डोळे भरून आले होते. राज्यशास्त्राच्या तासाला सरांनी सहमतीची व्याख्या सांगितली होती, ती मला त्या दिवशी प्रथमच नीट समजली. कोणालाच नको असलेली गोष्ट सर्वांनी मिळून घेणे.

गाडी दारात आली. नारळ फुटला. आई टोपलं घेऊनच बाहेर आली. बाबांनी डिक्की उघडली. आत एक जाडजूड सिलिंडर आडवा झोपलेला होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत. उरलेल्या जागेत एखादी जुडी मेथी मावली असती.

आईने पदर पुढे ओढला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "विचार त्याइले, टोपलं कुठं ठेवाचं?"

मोठेबाबा तिच्यापासून चार हातांवर होते. तेही माझ्याकडेच बघून म्हणाले, "टपावर ठेवा म्हना."

"टपावर मेथी उडते म्हनावं."

"मंग मागच्या सीटवर ठेवा म्हना."

"नव्या गाडीची सीट ओली होईन असं सकाळी कोन म्हनत होतं, विचार."

सकाळी ते मोठेबाबाच म्हणाले होते. मी हा निरोप पोचवला नाही. गरजही नव्हती.

दुसऱ्या दिवशी आणखी एक गोष्ट उघडकीला आली. गॅसची गाडी आधी पेट्रोलवर सुरू होते. काका बाटली घेऊन हसत हसत आले. मोठेबाबांनी ते पाहिलं आणि आपल्याला दोघा भावांनी मिळून फसवलं असं जाहीर केलं. ते आपला हिस्सा परत मागू लागले, आणि तोवर गाडी कोणी हलवायची नाही असं ठरलं. कापूस अजून विकला नव्हता, पुढच्या खोलीत जागा उरली नव्हती, म्हणून नवी वेचणी लाल गाडीच्या मागच्या सीटवर भरून ठेवली. कापसाने सीट ओली होत नाही.

मी हॉस्टेलला परतलो. घरचा फोन म्हणजे बाबांचा फोन. मी दर वेळी विचारायचो, "आईच्या खानावळीचं काय झालं?" बाबा सांगायचे, मोठेबाबा आता ओसरीपर्यंत येऊ लागले, चहा मात्र घेत नाहीत. संक्रांत आली आणि गेली. मी तिळगूळ खाल्ला, पण माझं लक्ष सातच्या ठोक्याकडे होतं. ती बाई दुसरी कोणी बघणार म्हणाली होती. बघितली असणार, असं मी मनाशी धरून टाकलं.

मग एका सकाळी मेसमध्ये उपमा खात असताना अनोळखी नंबरावरून फोन आला. आई होती.

"खानावळवाल्या बाईच्या फोनावरून बोलून राह्यली," ती म्हणाली. "आताच भाजी टाकली. संक्रांतीपासून रोज येतो आमी. तुले तुया बापानं सांगतलं नाई?"

"नाही. आमी म्हणजे कोण? आलीस कशी?"

"बसमंदी माह्यासंगं टोपलं घेऊन उभी राहाची ना एक बाई, खालच्या गावची? तिले बी कंडक्टर चढू देत नोयता. तिच्या पोरानं गाडी घेतली. तिनं अन् मी सावड केली. टोपले दोघीचे, आठवड्यातून दोनदा आपली वांगी तिच्या घरी."

मला खूप आनंद झाला होता, पण जाणकारपणाची सवय लागलेली. तोंडून निघून गेलं, "पेट्रोलची की डिझेलची?"

"काऊन? तुले ओतून द्याचं हाय का?" आई म्हणाली. "पांढरी हाय. तू काचंतून पाह्यली म्हनून सांगतलं होतं ना, तेच असन. मागची सीट पाडली का चार टोपले मावतात."