नवसाची दाढी

पिरंगुटच्या आसपासच्या छोट्या दवाखान्यांत मी भूल द्यायला जाते. माझं सामान कायम गाडीच्या डिकीत. त्या दुपारी भरे गावचा एक शेतकरी टेबलावर होता. आतड्याला भोक पडलेलं, पोट फळीसारखं कडक. सर्जन म्हणाले, शहरात पाठवण्याइतकी सवड नाही. गड्याची दाढी छातीपर्यंत दाट. भूल देण्याआधी मी जबडा चाचपून बघते. श्वासाची नळी घालायला किती झगडावं लागेल, ते त्यावरून कळतं. मी हात पुढे केला, तर एवढ्या कळा येत असतानाही त्याने तो झटकला.

"नवसाची हाय, म्याडम. हात लावायचा न्हाई."

"दादा, नवस फेडायला आधी जगायला हवं ना?" मी खेकसले.

"मरंन, पन लावू देनार न्हाई."

दारात त्याची बायको उभी होती. तिने तोंड उघडलं आणि मिटलं. देवाच्या कामात पडू नका, असं सर्जननी डोळ्यांनीच खुणावलं. तोंड पुरेसं उघडतंय ना, एवढंच बघून मी औषध भरायला घेतलं.

औषध गेलं, त्याचा श्वास थांबला. आता तो श्वास मी द्यायचा होता. मास्क दाबला तर दाढीतून सगळी हवा बाहेर. पकड घ्यायला बोटं केसांत घातली, तेव्हा कळलं. हनुवटी जवळपास नव्हतीच. ओठाखालून जबडा थेट गळ्यात उतरत होता. अशा माणसाचं स्वरयंत्र जिभेमागे पार वर लपलेलं असतं.

घशात बघायच्या पात्याने जीभ उचलली, काही दिसेना. कॅमेऱ्याचं पातं घेतलं. पडद्यावर स्वरयंत्राची खालची कड तेवढी दिसली, पण नळी दर वेळी घसरून अन्ननलिकेकडे जायची. मॉनिटरचा सूर जाड होत चालला. ऑक्सिजन उतरला की तो तसा होतो, मान वळवून बघावं लागत नाही. पुन्हा मास्क, दाढीवर जेली फासून, दोन्ही हातांनी. त्या देवाला आणि त्याच्या भक्ताला मी मनातल्या मनात शिव्या घातल्या. सूर जरासा वर आला.

मग बूजी मागितली. ही लांब, लवचीक कांडी, टोकाशी किंचित वाकलेली. कडेच्या वरून ती अंदाजाने सरकवली आणि बोटांना खर्र खर्र लागलं. श्वासनलिकेच्या कड्या! अन्ननलिका गुळगुळीत असते. बूजीवरून नळी आत गेली, छाती वर आली, पडद्यावर श्वासाची लाट उमटली.

तो सावरल्यावर मी त्याच्या खाटेपाशी गेले. बायको शेजारी मोसंबी सोलत होती.

"दादा, पुन्हा कधी भूल घ्यायची वेळ आली तर आधी सांगायचं, हनुवटी बारीक आहे, नळी जात नाही. लपवलंत तर जिवाला मुकाल."

तो पांढरा पडला. "हिच्यासमोर कशाला, म्याडम? लग्नात बी दाढीच हुती. हिला ठावं न्हाई."

म्हणजे नवसबिवस काही नव्हताच. मी त्याला फाडून खाणार, तोच बायकोने मोसंबीची फोड त्याच्या हातावर ठेवली.

"काय ठावं न्हाई? तुमी झोपल्यावर दाढीत हात जातो की माझा." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "त्या दिशी दारातच सांगनार हुते, म्याडम. पन चारचौघांत ह्यांची लाज कशी काढू? जीव चालला हुता, अन् मी लाज राखत बसले."