समुद्रातली कमळं

परभणीत मला आसरा दिला तो एका लॉजच्या मॅनेजरमामांनी. हे आधीच सांगून टाकते. पुढचं सांगताना मला हसू येणार आहे, आणि हसण्याच्या भरात उपकार मागं पडायला नकोत.

मामांची एक ठरलेली लकब होती. समोर कुणी आलं की खांद्यावरचा पंचा ओढायचा, खुर्ची दोनदा झटकायची, हात पुढं करून "बसा" म्हणायचं, आणि समोरच्यानं काही मागायच्या आत सांगायचं, "इंतजाम हाय." नळाला पाणी नसलं तरी इंतजाम हाय. पंखा बंद पडला तरी इंतजाम हाय. एकदा दाढ दुखणाऱ्या एका पाहुण्यानं दातांचा डॉक्टर कुठं आहे म्हणून विचारलं, तर मामा गल्लीतल्या बँडवाल्याला घेऊन आले. गालाला फडकं बांधलेला तो सनईवाला पाहुण्यापुढं बसवून म्हणाले, "यांची बी दाढ दुखायलीय. दोघं बोलत बसा, तवर मी डॉक्टर बघतो."

अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. मी जरा जास्त जवळून पाहिलं, इतकंच.

मी वेंगुर्ल्याकडची. शाळा आठवीतच सुटली. हातात शिवण होतं म्हणून शिवणयंत्राच्या एका कंपनीत शिकवणारी बाई म्हणून लागले, आणि पहिल्याच खेपेला मला परभणीला पाठवलं. दोन महिन्यांचा वर्ग होता. तो पुरा केला तर नोकरी पक्की, अर्धवट टाकून परतले तर नोकरी गेली. घरी काकांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "आठ दिवसांनी येतेय बघा रडत."

आठ दिवस कसले, पहिल्याच दुपारी रडायची वेळ आली. ऊन असं की ट्रंकेची कडी हातात धरवत नव्हती. तीन लॉजवाल्यांनी मला वरून खालपर्यंत बघून एकच सवाल केला, "सोबत कोण हाय?" कुणी नाही म्हटलं की खोली नाही.

चौथं लॉज स्टेशनमागच्या गल्लीत होतं. गल्ली मोठी नामी. एका बाजूला सिनेमाच्या पाट्या रंगवणारा पेंटर, त्याला लागून बँडवाले, पुढं नाटकाचे मुकुट आणि दाढ्या भाड्यानं देणारं दुकान, आणि वरच्या माडीवर भरदुपारी पेटी घेऊन बसलेले कव्वाल. कुणाला कसली घाई नव्हती. लॉजच्या पाटीवर पाच रंगांत 'डीलक्स' लिहिलं होतं. बाकीचं नाव त्यापुढं दिसतच नव्हतं.

मामांनी खुर्ची झटकली. मी बसले आणि रडायलाच लागले.

"इंतजाम हाय," मामा म्हणाले आणि रजिस्टर उघडलं. "नाव सांगा. गाव सांगा. सोबत कोण?"

"कुणी नाही."

"आई हाय का?"

"आहे. पण ती वेंगुर्ल्याला."

"हाय न्हवं? मग झालं." त्यांनी 'सोबत' या रकान्यात ठसठशीत 'आई' लिहिलं. "कुठं हाय असा रकाना न्हाई इथं."

डीलक्स म्हणजे काय, ते खोली बघितल्यावर कळलं. खोल्या सगळ्या मिळून सहा. पण पेंटरनं सिनेमाच्या उरलेल्या रंगांत प्रत्येक खोलीच्या भिंती रंगवलेल्या. एक खोली काश्मीर, एक जंगल, एक दरबार. खोल्यांना नंबर नव्हतेच. "काश्मीरला चहा द्या," "जंगलात उंदीर हाय म्हणायलेत," असा कारभार चाले. मखमलीची खुर्ची सगळ्या लॉजमध्ये एकच. जो पाहुणा कुरकुर करील त्याच्या खोलीत ती जायची. तो शांत झाला की पुढच्याकडं. उकाड्याची तक्रार केली तर मामा काश्मीरवाल्याला सांगत, "साहेब, त्या बर्फाकडं तोंड करून झोपा. पाठ कामून केली?"

मला त्यांनी समुद्राची खोली दिली. "तुमच्या गावाकडचा हाय म्हणून राखून ठेवला व्हता," म्हणाले. मी परभणीला येणार हे मलाच आठ दिवसांपूर्वी कळलं होतं!

पेंटरनं समुद्र कधी पाहिला नव्हता. लाटा नांगरटीसारख्या सरळ रेषेत होत्या, आणि मधोमध चार कमळं फुललेली. चांगली परातीएवढी, गुलाबी.

"मामा, समुद्रात कमळं नसतात."

मामांनी भिंतीकडं नीट बघितलं. "तुमच्याकडच्या नसतील. आमच्याकडच्या असतेत."

त्या दिवशी परभणीत मी पहिल्यांदा हसले. आणि काय सांगू, सकाळी उठल्यावर ती कमळं दिसली की बरं वाटायचं.

माझा वर्ग सुरू झाला. चौदा बायका शिकायला येत. मी थोडी रुळले, जेवण जाऊ लागलं. आणि मग पहिल्या गुरुवारी मालक आले.

मालक सेलूकडचे. जमीनजुमल्याचे, सोवळ्याओवळ्याचे. दर गुरुवारी एसटीनं यायचे, रजिस्टर बघायचे, संध्याकाळी परत. एकट्या बाईला खोली द्यायची नाही हा नियम त्यांचाच. रजिस्टरात 'आई' वाचून त्यांना बरं वाटलं. म्हणाले, "बाईंना नमस्कार करून जातो."

मी मामांकडं बघितलं. मामांनी मालकांसाठी खुर्ची झटकली. "इंतजाम हाय, मालक. आंघोळीला गेल्यात. जरा टेका."

दरबार नावाच्या खोलीत एक नाटकवाले मास्तर राहायचे. जत्रेतल्या नाटकांत बायकांची कामं करणारे, गालफडं बसलेली, आवाज मात्र गोड. मामा त्यांच्याकडं धावले. मास्तरांना कुणी काम देतंय एवढंच पुरे होतं. लुगडं, टोप, बांगड्या, सगळं ट्रंकेत तयार. त्यांनी फक्त एकच हट्ट धरला, "ताई, तुमच्या भाषेतले संवाद द्या. मुकी आई मी करणार न्हाई."

घाईघाईत मी त्यांना मालवणीतली तीन वाक्यं शिकवली.

आता तुम्ही म्हणाल, धडधडीत पुरुष समोर आणि मालकांना कळलं नाही? तर मालकांची एक रीत होती. परक्या बाईच्या तोंडाकडं ते कधी बघत नसत. जमिनीकडं बघून बोलत. मास्तर दाराआड डोईवर पदर घेऊन बसले, मालक उंबऱ्याच्या अलीकडं फरशी न्याहाळत उभे राहिले.

"नमस्कार बाई. प्रवास बरा झाला?"

"बरां असा," मास्तर गोड आवाजात म्हणाले.

"आमचं हॉटेल कसं वाटलं?"

"माका काय ठावक?"

"काय म्हणायल्यात?" मालकांनी विचारलं.

"लय आवडलं म्हणायल्यात," मामा म्हणाले.

"जेवलास काय?" मास्तरांनी तिसरं वाक्यही उरकून टाकलं. उरलं कशाला ठेवायचं!

मालक एकदम हळवे झाले. "बघा, पाहुणी असून आपल्या जेवणाची चौकशी करायल्यात." मी पंख्याकडं बघत ओठ आवळून उभी होते.

असे तीन गुरुवार गेले. मास्तर दर गुरुवारी सकाळी घोटून दाढी करत आणि चौथं वाक्य मागत. मी देत नव्हते. तिसऱ्या गुरुवारी मालकांनी आईसाठी हिरवं लुगडं आणलं आणि जाताना म्हणाले, "पुढल्या खेपेला मंडळींना घेऊन येतो. बाईंची ओटी भरायची हाय."

दार लागलं आणि आम्ही तिघं एकमेकांकडं बघत राहिलो. मालक जमिनीकडं बघतील. मालकीणबाई कशाला जमिनीकडं बघतील?

"इंतजाम हाय," मामा म्हणाले. पण या वेळी खुर्ची झटकायला विसरले.

ठरलं असं, की बुधवारी आईला गावाकडून तार येईल आणि ती निघून जाईल. पण ते दिवस विद्यापीठाच्या नामांतराचे. कधी मोर्चा निघे, कधी बंद पुकारला जाई, आणि शहराचा श्वास अडकल्यासारखा होई. त्या बुधवारपासूनच एसट्या बंद झाल्या. सेलूकडच्या देवगाव फाट्यावर रस्ता अडवलाय अशी बातमी आली. आता मालक येत नाहीत, मग आईला पाठवायची तरी कशाला? मामा म्हणाले, "राहू द्या हप्ताभर. आईचा कुणाला तरास हाय?" वर्गही बंद होता. मीसुद्धा निवांत झाले. माझ्यासारख्या भित्र्या बाईनं निवांत होणं हीच खरी चूक.

शुक्रवारी सकाळी मास्तर अंगणात दाढी करत बसले होते. उघडे, खाली लुंगी, अर्ध्या तोंडाला साबण. दोरीवर हिरवं लुगडं वाळत होतं. मी शेजारी तांदूळ निवडत होते आणि मास्तर विचारत होते, "ताई, 'मला कुणी समजून घेत नाही' याला तुमच्यात काय म्हणतात?"

बाहेर ट्रक थांबला. रस्ता पहाटेच मोकळा झाला होता. मालक, आणि मागून ताम्हनात नारळ, खण, तांदूळ घेतलेल्या मालकीणबाई, थेट अंगणात.

मालकीणबाईंनी माझ्याकडं बघितलं, दोरीवरच्या लुगड्याकडं बघितलं. मग मास्तरांकडं.

मास्तर कसलेले नट. त्यांनी खांद्यावर टॉवेल पदरासारखा ओढून घेतला आणि अगदी मार्दवानं म्हणाले, "बरां असा."

मालकांनी आवाज ओळखला. जन्मात पहिल्यांदा त्यांनी त्या आईच्या तोंडाकडं बघितलं असेल.

"अहो," मालकीणबाई म्हणाल्या, "तुमी यांनाच लुगडं दिलं का?"

वरच्या माडीवरची पेटी थांबली. पेंटर, बँडवाले, सगळे भिंतीवरून बघायला लागले. कुणी तरी फिसकन हसलं, आणि मालकांचा चेहरा काळा पडला. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळू बोलले, "आजच्या आज ही पोरगी खोली सोडंल."

माझा अजून एक महिना राहिला होता. हातातलं सूप तसंच धरून मी उभी राहिले. डोळ्यांपुढं काका दिसत होते.

मामा पुढं आले. मालकांसाठी खुर्ची झटकली. मालक बसले नाहीत.

"मालक, रजिस्टरात खोटं कुणी लिहिलं?"

"तू."

"मग खोटं लिहिणारा जाईल. पोरगी कामून जाईल? तिनं तर 'कुणी न्हाई' असं खरंच सांगितलं व्हतं. मीच आईला बसवलं." मामांनी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढून मालकीणबाईंच्या ताम्हनात ठेवला. "महिना राहिलाय तिचा. तेवढा होऊ द्या."

मालक बायकोकडं बघायला लागले. त्या म्हणाल्या, "त्यांचं बरोबर हाय." मग नारळ उचलून माझ्या हातात दिला. "आणलेला नारळ परत न्यायचा नसतो."

मी त्या वेळी बोलायला हवं होतं. "मामा जाऊ नका, मी जाते," एवढं तरी. नाही बोलले. नारळ धरून गप्प उभी राहिले, कारण मला नोकरी हवी होती. मामांनी माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली, जणू मी बोलले आणि त्यांनी ऐकलं.

तासाभरात त्यांची वळकटी बांधून झाली. जाण्याआधी त्यांनी रजिस्टर उघडून माझ्या नावापुढचं 'आई' खोडलं आणि तिथं 'मामा' लिहिलं.

"पण तुम्ही तर चाललात," मी म्हटलं.

"हाय न्हवं पण?" ते म्हणाले. "कुठं हाय असा रकाना न्हाई इथं."

चुडाव्याला त्यांची लेक दिलेली होती, तिकडं गेले. गल्लीतल्या बँडनं स्टेशनापर्यंत वाजवत नेलं त्यांना. दाढ दुखणारा सनईवाला सगळ्यांत पुढं. स्टेशनवरची माणसं नवरदेव कुठं आहे म्हणून बघत होती.

मी वर्ग पुरा केला. नोकरी पक्की झाली, ती पुढं कितीतरी वर्षं पुरली. भावंडांची शिक्षणं त्यावर झाली. काका नंतर पाहुण्यांना सांगायचे, "मी आधीच म्हटलं होतं, पोर हुशार आहे."

मध्ये एकदा परभणीला जाणं झालं. लॉज आहे, पाटी नवी आहे. खोल्यांना नंबर दिलेत आणि भिंती पांढऱ्या केल्यात. समुद्राच्या खोलीत मी मिनिटभर उभी राहिले. कमळांच्या जागी नुसता चुना होता. टेबलाशी बसलेल्या मुलानं खुर्ची दाखवली, झटकली मात्र नाही.

माझी एक जुनी विद्यार्थिनी पूर्णेला असते. तिनं परवा कळवलं की मामा चुडाव्यालाच आहेत. ऐकू कमी येतं, पण दारात कुणी आलं की अजून बाज झटकतात. आणि म्हातारपणी एकच विचारतात म्हणे, समुद्रात खरंच कमळं नसतात का?

तर मामा, हे कुणी तरी तुम्हाला मोठ्यानं वाचून दाखवील, म्हणून इथंच सांगते. थंडी पडली की मी तुम्हाला न्यायला येणार. आमच्या वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरचा एक चांगला दगड बघून ठेवलाय. तो माझ्या पदरानं दोनदा झटकीन आणि तुम्हाला बसवीन. मग तुम्ही समुद्राकडं नीट बघा.

कमळांचा इंतजाम माझ्याकडं.