बायकोने टाकल्यावर कशावर पडावं

माझ्या बायकोने मला पहिल्यांदा उचलून टाकलं तेव्हा मी छप्पन्न वर्षांचा होतो आणि माझ्या हातात टीव्हीचा रिमोट होता. टाकण्याआधी तिने रीतसर विचारलं होतं. "अहो, दोन मिनिटं उभे राहता का?" म्हणाली. मला वाटलं माळ्यावरचा डबा काढून हवाय. मी उभा राहिलो.

त्याचं असं झालं होतं. तिच्या ऑफिसात बायकांसाठी स्वसंरक्षणाचं शिबिर झालं. बाकीच्या मैत्रिणींनी ज्युदोच्या पांढऱ्या कोटात फोटो काढले आणि विषय संपवला. हिचा मात्र संपला नाही. शिबिर घेणाऱ्या मॅडमचा दादरला एका शाळेच्या हॉलमध्ये ज्युदोचा क्लास होता, तिथे ही ऑफिस सुटल्यावर जायला लागली. वय एकावन्न, उंची जेमतेम पाच फूट. "उंची कमी असली की उलट बरं," ती मला भाकरी थापता थापता सांगायची, "समोरच्याच्या खाली शिरता येतं." मी हो हो म्हणायचो. समोरचा म्हणजे कोण, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं.

पिवळ्या पट्ट्याची परीक्षा जवळ आली आणि क्लासमधला सराव पुरेना. घरी सराव करायचा तर पडायला माणूस हवा. आमच्या लालबागच्या घरात माणसं तीन. ती, मी आणि माझी आई. आईचं वय ऐंशीच्या पुढे. राहिलो मी.

तर त्या दिवशी तिने हॉलमध्ये पाहुण्यांची कापसाची गादी अंथरली, माझी बाही धरली, वळली, कंबर माझ्या पोटाखाली घातली आणि उचललं. उचललं ते झकास. पण ऐन वेळी तिचा पाय गादीत रुतला, ती कलंडली, आणि मी अर्धा गादीवर, अर्धा फरशीवर आलो. कोपर टीपॉयवर बसलं. रिमोट फ्रीजखाली गेला.

आई स्वयंपाकघरातून हातात गाळणं घेऊन बाहेर आली. "काय पडला?"

"मी."

ती आमच्याकडे बघत राहिली. मग सुनेला म्हणाली, "परत टाक बघया. मी चाय गाळी होतंय, माका बघूक गावला नाय."

तेवढ्यात बेल वाजली. खालच्या मजल्यावर आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी राहतात. माणूस सज्जन, पण बिल्डिंगमध्ये टाचणी पडली तरी नोंद घेणारा. "वर कपाट पडलं का?" त्यांनी विचारलं. मी कोपर चोळत म्हटलं, "नाही, मी पडलो." त्यांनी माझ्याकडे बघितलं, विस्कटलेल्या गादीकडे बघितलं, केस सुटलेल्या माझ्या बायकोकडे बघितलं, आणि आवाज खाली आणून म्हणाले, "वहिनी, तुम्ही ठीक आहात ना?"

"तिका कसली धाड भरली?" आई मागून म्हणाली. "ह्येका विचारा!"

झाला प्रकार बायकोने मॅडमना सांगितला, तेव्हा मॅडमनी मलाच बोलावून घेतलं. पंचविशीतली मुलगी, पण हॉलमध्ये तिचा शब्द म्हणजे शब्द. "काका, आधी पडायला शिका," ती म्हणाली. "मग मॅटचं बघू."

पन्नाशी उलटल्यापासून मला जो तो सांगायचा, जपून हो, पडशील. डॉक्टर सांगायचे, आई सांगायची, बाथरूममध्ये बायकोने रबरी पट्ट्या चिकटवल्या होत्या. आणि इथे ही मुलगी म्हणत होती, पडा. हनुवटी छातीला लावा, पाठ गोल करा, आणि अंग टेकायच्या क्षणी हात जोरात मॅटवर आपटा. आधी उकिडवं बसून पडलो, मग उभ्याने पडलो. शाळकरी मुलं माझ्या दोन्ही बाजूंना टपाटप पडत होती आणि मी त्यांच्यामध्ये, टक्कल सांभाळत. काही आठवड्यांनी बायकोने मला तिथे पहिल्यांदा नीट टाकलं. पाय वर गेले, छताचा पंखा खालून वर आला, क्षणभर मी कुठेच नव्हतो, आणि मग धप्प! पाठ मॅटवर, हात मॅटवर, आणि मला हसू फुटलं. साधं हसू नव्हे. लहानपणी जत्रेतला पाळणा वरून खाली येताना पोटातून येतं ते. थांबेचना.

"कुठे लागलं का?" ती घाबरून खाली वाकली.

"परत टाक," मी म्हटलं.

त्या दिवसापासून घरात मॅट हवी, हा तिच्याइतकाच माझाही हट्ट झाला. आणि टाकणारी ती असली तरी पडणारा मी होतो, त्यामुळे निवडायचा हक्क माझा, हे मी ठणकावून सांगितलं.

काय घ्यायचं ते मॅडमनी समजावलं होतं. गादी नको, पाय रुततो, आणि रुतलेला पाय वळताना सुटला नाही की गुडघा जातो. योगाची चटई नको, पातळ असते आणि सरकते. "मॅट अशी बघा," ती म्हणाली, "की वर उभं राहिलं की जमीन वाटली पाहिजे, आणि पडलं की जमीन वाटता कामा नये." मला हे इतकं आवडलं की मी घरी येऊन आईलाही सांगितलं. ती म्हणाली, अशी वस्तू बाजारात मिळत नसते.

शनिवारी आम्ही धोबीतलावाला गेलो. तिथे खेळाच्या सामानाची दुकानं ओळीने आहेत. पहिल्या दुकानदाराने आम्हाला नीट न्याहाळून विचारलं, "नातवासाठी?" आणि एबीसीडीचे, वाघ-हत्तीचे रंगीत तुकडे काढून दाखवले. मी अंगठ्याने दाबून बघितलं. अंगठा आरपार गेला. बायको म्हणाली, "ह्यांच्यासाठी हवंय." त्याने मला पुन्हा न्याहाळलं आणि जरा हळू आवाजात विचारलं, "फिजिओथेरपी?"

दुसऱ्या दुकानातला मालक हुशार होता. काउंटरमागून उठून आला आणि त्याने एकात एक अडकणारे मोठे चौकोनी तुकडे फुटपाथला लागूनच अंथरले. एका बाजूने लाल, दुसऱ्या बाजूने निळे, वर चटईसारखी बारीक वीण उठवलेली. दोन जाडीचे होते. मी चपला काढून पातळवर टाच दाबली, तर खालची फरशी कळली. जाडवर दाबली, तर टाच थोडी आत गेली आणि थांबली. बायकोने एका पायावर गर्रकन वळून बघितलं. पाय अडकला नाही.

"उभं राहून काय कळणार?" मी म्हटलं.

"मग पडून बघा ना साहेब," मालक गमतीने म्हणाला. "मॅट आहे, काच थोडीच आहे!"

त्याला बिचाऱ्याला काय कल्पना. मी पर्स त्याच्या हातात दिली, हो, बायकोची पर्स, आणि उभा राहिलो. तिने ओढणी कमरेला गुंडाळली. शर्टाची बाही धरली. "अहो, इथे?" तिने कुजबुजत विचारलं. "आता मागे फिरायचं नाही," मी कुजबुजलो. आणि मग धोबीतलावाच्या फुटपाथवरच्या समस्त जनतेने पाहिलं की एका पाच फुटी बाईने एका जाडजूड गृहस्थाला कमरेवरून उडवलं, तो धप्पकन पडला, आणि पडल्यापडल्या खदाखदा हसायला लागला.

मालक पर्स छातीशी धरून उभा होता. कोणी टाळ्या वाजवल्या. एकाने "कॅमेरा किधर है?" म्हणून वर-खाली बघितलं. एक म्हातारे गृहस्थ पुढे येऊन मला हात देत म्हणाले, "घरचं भांडण रस्त्यावर आणू नये हो." त्यावर बायकोलाच हसू आवरेना. ती मॅटवर माझ्या शेजारी बसली आणि तोंडावर ओढणी धरून हसत राहिली. लग्नाच्या पहिल्या वर्षी आम्ही एकदा असे हसलो होतो. नंतर नोकऱ्या आल्या, आजारपणं आली, चाळ पाडून हे घर मिळेपर्यंत भाड्याच्या खोल्या आल्या. हसलो नाही असं नाही, पण असे बसून, दम लागेपर्यंत नाही.

मालकाने मोठ्या मनाने जाड मॅटचे चार तुकडे बघायला म्हणून दिले. आवडले तर बाकीचे न्या, म्हणाला.

आता अडथळा सेक्रेटरींचा होता. "माझ्या डोक्यावर आखाडा नको," त्यांनी निक्षून सांगितलं. मग ठरलं की आवाज किती येतो ते खाली बसून ऐकायचं. साक्षीदार म्हणून आई लिफ्टने त्यांच्याकडे गेली, म्हणजे चहाही तिथेच झाला. बायकोने फोन स्पीकरवर टाकून खिडकीत ठेवला आणि मला टाकलं.

"आला?" मी पडल्यापडल्या ओरडलो.

"आला," सेक्रेटरी म्हणाले. "भांडी हलली."

मग मॅटखाली, मॅडमनी सांगितला होता तसा, जाड रबराचा थर घातला. तो परळहून आणला होता. पुन्हा टाकलं.

"आता?"

फोनवर आई होती. "आवाज नाय इलो रे. पडलंस काय खरोखर?"

आम्ही आनंदाने एकमेकांना टाळी दिली. तेवढ्यात मागून सेक्रेटरींचा आवाज आला, "थांबा थांबा, आमच्याकडे मिक्सर चालू होता. चटणी चाललीय." मग चटणी होईपर्यंत थांबलो आणि तिसऱ्यांदा पडलो. मग सेक्रेटरी म्हणाले, "मॅटचा आवाज आला नाही. तुमच्या हसण्याचा आला. त्याच्याखाली घालायला काही मिळतं का?"

परवानगी मिळाली. पण मोजमाप केलं तेव्हा कळलं की मॅट भिंतीपासून भिंतीपर्यंत घट्ट बसली नाही तर तुकडे फरशीवर सरकतात आणि मध्ये फट पडते, आणि फटीत पायाचं बोट गेलं की संपलं. म्हणजे सोफा काढायला हवा. हा सोफा आम्ही नव्या घरात आल्यावर हौसेने घेतला होता. बायको त्याच्या हातावर हात ठेवून थोडा वेळ उभी राहिली. मी म्हटलं, "राहू दे, नको काढूया." ती म्हणाली, "ह्याच्यावर बसून आपण काय केलं सांगा? फोन बघितला." सोफा सोसायटीच्या ऑफिसात गेला. सेक्रेटरी लगेच त्यावर बसले आणि वरच्या आखाड्याबद्दल त्यांचं मत बरंच सुधारलं.

बाकीच्या मॅट टॅक्सीच्या टपावर दोरीने बांधून आणल्या. चिंचपोकळीच्या पुलावर वारा लागून वरचा तुकडा फडफडायला लागला, तेव्हा मी एका खिडकीतून आणि बायकोने दुसऱ्या खिडकीतून हात बाहेर काढून तो धरून ठेवला. टॅक्सीवाला म्हणाला, "साहब, उड़ना मत." आम्ही पुढच्या सिग्नलपर्यंत हसत होतो.

रंगावरून मात्र भांडण झालं. मला लाल वर हवा होता, तिला निळा. शेवटी आईला विचारलं. ती म्हणाली, लाल नको, रक्त पडला तर दिसाचा नाय. हे ऐकून मी स्वतःच निळा वर करून लावला.

तुकडे बसवायला अख्खा रविवार गेला. कोपऱ्यातले कापताना सुरीची धार गेली, नव्या रबराचा वास घरभर झाला, आईने तीन उदबत्त्या लावल्या. संध्याकाळी हॉल भिंतीपासून भिंतीपर्यंत निळाशार झाला. एका बाजूला आईची कॉट तेवढी राहिली. बायकोने पांढरा कोट चढवला. मी जुना जाड शर्ट घातला. आई कॉटवर पाय वर घेऊन बसली.

"गो, ह्येका जरा हळू आपट," ती म्हणाली, "एकुलतो एक आसा माझो."

बायकोने मला हळू बिळू काही आपटलं नाही. मी मस्त उडालो.

पिवळा पट्टा तिला मिळाला. परीक्षेत तिचा जोडीदार दुसरा होता, एक तरुण मुलगा, आणि तो पडताना अजिबात हसला नाही. घरी येताना ती म्हणाली, काहीतरी चुकल्यासारखं वाटलं.

पुढच्या रविवारी सेक्रेटरी "पाहणीला" आले. चपला दाराबाहेर काढून ते मॅटवर आले, एकदा टाचेवर उभे राहिले, एकदा चवड्यावर, मग हळूच एक उडी मारली. दार लोटलेलं आहे ना ते बघितलं. "वहिनी," म्हणाले, "मला एकदा... म्हणजे फक्त अनुभव म्हणून..."

"आधी पडायला शिका," बायको म्हणाली.

तिने त्यांना उकिडवं बसवलं, हनुवटी छातीला लावायला सांगितली. ते मागे कलंडले, पाय वर गेले, हात उशिरा आपटला. पुन्हा. पुन्हा. ते घामाघूम झाले, पण थांबायचं नाव घेईनात. तेवढ्यात त्यांच्या सौ. घावण्यांची थाळी घेऊन वर आल्या. नवरा उताणा, पाय हवेत, मॅटवर हात मारतोय.

"हे काय चाललंय?"

"पडतोय," सेक्रेटरी खालूनच म्हणाले.

त्यांनी थाळी आईच्या कॉटवर ठेवली. साडीचा पदर खोचला. माझ्या बायकोकडे बघून म्हणाल्या, "वहिनी, मला टाकायचं तेवढं शिकवा. पडणारा तयारच आहे."