एशेनकुलचा बुटका दरवाजा

इसिक-कुल सरोवराच्या दक्षिण काठावर एशेनकुल चाळीस वर्षं तंबू बांधत होता. विलोच्या काठ्या वाफेवर वाकवायच्या, ओल्या कातडी वाद्या बांधून जाळी आवळायची, वरून लोकरीचा नमदा. खिळा एकही नाही. काठीचा बाक मनासारखा आला नाही की ती जळणात. "उद्या परत," एवढंच म्हणे.

यंदा तुर्कस्तानातून मागणी आली. तुर्की बोलींच्या सगळ्या देशांचे मंत्री त्यांच्या राजधानीत जमणार होते, आणि बैठक एशेनकुलच्या तंबूत. त्याच्या बायकोनं, सैराकाननं, ते गावभर करून टाकलं.

तंबू अंगणात उभा राहिला तसा मेतेहान नावाचा तिकडचा तरणा अधिकारी पाहायला आला. ताडमाड गडी. चौकटीवर कपाळ आपटलं. ते चोळत तो म्हाताऱ्या कारागिराला म्हणाला,

"उस्ता, दार वीतभर वाढवा. मंत्री कॅमेऱ्यासमोर वाकणार नाहीत."

"वाकतात. माझा सासरा वाकायचा, आणि तो कुणाचं ऐकत नसे."

"मग लोखंडी सांगाड्याचा घेऊ. तयार मिळतो."

एशेनकुलनं मनात हिशेब केला. दार वाढलं की जाळी वाढणार, जाळी वाढली की पंच्याऐंशी काठ्यांचा बाक बदलणार. तेही केलं असतं. पण पाहुणा ताठ मानेनं आत शिरेल असा तंबू त्याच्या हातून कधी झाला नव्हता.

सैराकान चहा घेऊन आली. पुरुषांचं जुळत्या बोलींवर कसंबसं भागत होतं, पण दहा वर्षं तुर्की मालिका बघून बाई त्यांची भाषा फाडफाड बोले.

"बाळा, घरचे कुठले तुझे?"

"डोंगरातले. आजोबा शेळ्या घेऊन हिंडायचे. आई तंबूतच जन्मली."

"मग लाव तिला फोन. दाखव दार."

पडद्यावर म्हातारी आली. तिनं दार पाहिलं, मग लेकाच्या कपाळावरचं टेंगूळ.

"एवढं उंच दार आणि तरी आपटलास? आमच्यात रांगत जायचे! वाक, मेल्या, पाठीत काय खुंटी ठोकलीय?"

"अगदी मालिकेतली सासू!" सैराकान खूश होऊन हसू लागली.

मेतेहान कानापर्यंत लाल झाला. वाकला, आत गेला, दारासमोरच्या मानाच्या जागी बसला. "मंत्र्यांना काय सांगू, उस्ता?"

"आईनं सांगितलंय म्हण."

"म्हणतो. हाच तंबू न्यायचा."

हसणं ओसरल्यावर एशेनकुल चौकटीपाशी बसला. कपाळाच्या दणक्यानं एक वादी किंचित सैल झाली होती. ती सोडून त्यानं पाण्यात भिजत घातली.