मायचा उमेदवारी अर्ज

आमच्या गावचं सरपंचपद महिलेसाठी राखीव सुटलं तेव्हा मी सात वर्षांची होते. जालना जिल्ह्यात, केदारखेड्याजवळच्या त्या लहानशा गावात तेव्हा सगळ्यांच्या तोंडी एकच नाव होतं, माझ्या मायचं. अंगणवाडीचे वाऱ्यानं उडालेले पत्रे तिनं बायका गोळा करून, भोकरदनला खेटे घालून परत बसवून घेतले होते.

आड आले मी. दोनपेक्षा जास्त लेकरं असलेल्याला ग्रामपंचायत लढवता येत नाही, असा कायदा. दोन बहिणींच्या पाठीवर मी तिसरी, आणि कायदा आल्यानंतर जन्मलेली.

वडिलांचे एक दोस्त म्हणाले, "धाकटीला मावशीकडं ठेवा. शाळेत मावशीच्या घरचंच नाव लावा. कोण पाहायला येऊन राह्यलं?"

मावशी आष्टीला, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. तिला मूलबाळ नव्हतं. वडील मला एसटीनं तिथं सोडून आले. मावशीनं खूप जीव लावला. केस विंचरायचे तर मायपेक्षा हलक्या हातानं. तरी बाजारात कुणी पाठमोरी मायसारखी दिसली की मी मावशीचा हात सोडून धावायचे. शाळेत हजेरीला माझं नवं आडनाव पुकारलं की 'हजर' म्हणायला मला उशीर व्हायचा.

पुढचं मला मायनं मी मोठी झाल्यावर सांगितलं. अर्ज भरायला ती तहसीलला गेली. कारकुनानं प्रतिज्ञापत्र पुढं केलं आणि अपत्यांची संख्या लिहायला सांगितली. मायला दोन लिहवेना.

तिनं विचारलं, "भाऊ, हा नेम आमदाराला बी हाय का?"

"न्हाई ताई. आमदाराला कितीबी लेकरं चालतात."

"मंग नेम केला कोणी?"

"आमदारांनीच की, तिकडं मुंबईला."

मायनं कोरा अर्ज घडी करून पिशवीत टाकला. दुसऱ्या दिवशी दुपारी ती आष्टीच्या शाळेच्या दारात उभी होती. गुरुजींना म्हणाली, "ही माझी लेक हाय. घेऊन चालले." मी दप्तर तिथंच टाकून पळाले. मावशी स्टँडपर्यंत आली, गाडी सुटेपर्यंत खिडकीचा गज धरून उभी राहिली. मला घरी जायची एवढी घाई होती की मी तिच्याकडं धड पाहिलंही नाही. ते आता सलतं.

वडील महिनाभर मायशी बोलले नाहीत. सरपंच दुसरीच बाई झाली. सह्या तिच्या, कारभार तिच्या नवऱ्याचा.

मी आता जालन्याला नोकरी करते. मागं सुट्टीत घरी गेले होते, तेव्हा टीव्हीवर आमदारांच्या पगाराची आणि पेन्शनची बातमी चालली होती.

मायनं विचारलं, "किती द्यायचं ते कोण ठरवतं?"

"तेच. सभागृहात हात वर करतात, झालं."

मायनं टीव्हीचा आवाज कमी केला. मग म्हणाली, "पगार तर पाह्यजेच. न्हाई तर गरिबानं तिथं जावं कसं? पर तो ठरवावा दुसऱ्यानं. आन् नेम करायचा, तर आधी सोताला लावून पाहावा."

इतकी वर्षं मनात असलेलं मी तेव्हा विचारलं, "माय, मी झाले नसते तर तू सरपंच झाली असतीस. वाईट वाटतं का गं?"

मला वाटलं होतं, ती नाही म्हणेल.

"वाटतं," ती म्हणाली. "तुझं न्हाई. त्या कामाचं वाटतं. शाळेत पोरींसाठी संडास बांधायचा होता आधी. तुम्ही तिघी घरी पळत यायच्या. मंग स्मशानाचा रस्ता. मंग..."

ती सांगत राहिली. गल्ली-गल्लीचं, घराघराचं तिला पाठ होतं. बोलताना तिचा चेहरा असा फुलला होता, जणू अर्ज उद्याच भरायचाय. मी टीव्ही बंद केला आणि तिच्याजवळ सरकून बसले.