सुखदेव ओव्हाळांनी दाखवलेली जागा

सुखदेव ओव्हाळ पहिल्यांदा माझ्या टेबलापाशी आले ते २००४ साली. माती-पाण्याच्या प्रदूषणाचं काम बघणाऱ्या एका सरकारी कचेरीत मी तेव्हा नोकरीला होते. साठीचे गृहस्थ, इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि दोन्ही हातांवर जुन्या जखमांचे बारीक खड्डे.

"मॅडम, वाघोलीच्या अलीकडे आमचा क्रोम प्लेटिंगचा कारखाना होता. शहाण्णव साली बंद पडला. तिथली माती तपासून घ्या. आत विषारी गाळ पुरलाय आणि वस्तीची बोअर शेजारीच आहे."

"बंद कारखान्याची माती तपासायला सरकारकडे तरतूद नाही," मी म्हटलं. "मालकाला सांगा."

"मालक परदेशात गेला."

"मग तिकडे अर्ज करा."

नारायण पेठेत वाढल्याने असली उत्तरं मला आयती सुचत. ते "बरं" म्हणून गेले आणि पुढच्या महिन्यात दुसरा अर्ज घेऊन आले. मग दर महिन्याला.

हळूहळू त्यांची माहिती कळली. अठरा वर्षं त्यांनी त्या कारखान्यात काढली होती. भिंतीला लागूनच कामगारांच्या खोल्या; तिथेच संसार झाला. बायको राधा २००१ साली किडन्या निकामी होऊन गेली. एकुलती मुलगी आम्रपाली शिकून आयटी कंपनीत लागली होती, खराडीला फ्लॅट घेऊन बापाला बोलवत होती. हे जात नव्हते. वस्तीतल्या लोकांना ते बोअरचं पाणी पिऊ नका म्हणून सांगत, पण लोकांनी प्यायला दुसरं पाणी आणायचं कुठून?

एक दिवस मला माझीच लाज वाटली आणि मी तपासणीच्या निधीचा प्रस्ताव लिहायला घेतला. तो दोनदा परत आला. एकदा शेरा होता : 'तपासणीत काही न आढळल्यास खर्चाचे समर्थन काय?' दरम्यान त्या जागेवर आयटी पार्क येणार अशी बातमी आली. मग मात्र वरच्या लोकांनाही माती आठवली आणि २००८ साली निधी मंजूर झाला.

खोदाईच्या दिवशी आम्रपाली रजा काढून आली होती. इतक्या वर्षांच्या खेपांना यश आलं म्हणून खुशीत होती. सगळीकडे गवत माजलेलं, खूण कुठलीच नाही. सुखदेव सरळ चालत गेले आणि पूर्वेच्या भिंतीपाशी थांबले. "इथे."

यंत्राने सात-आठ फुटांवरून माती वर काढली. हिरवट पिवळी.

"बाबा, इतकी नेमकी जागा कशी माहीत तुम्हाला?"

"मीच पुरलाय गं."

ती त्यांच्याकडे वळली.

"साहेबांनी पार ओढ्याकडे न्यायला सांगितलं होतं. हातगाडी जड व्हायची. ड्यूटी सुटायच्या वेळची खेप, तुझी आई चहा ठेवून वाट बघायची. म्हणून मी इथेच खड्ड्यात टाकायला लागलो. घराजवळ."

बोअर तिथून तीस पावलांवर होती.

"आई आजारी होती तेव्हा माहीत होतं तुम्हाला?"

"नाही. ती गेल्यावर पेपरात दुसऱ्या एका गावाचं वाचलं, असाच गाळ पाण्यात उतरलेला. तेव्हा कळलं."

आम्रपाली फाटकाकडे निघाली. त्यांनी एकदा हाक मारली. तिने रिक्षा थांबवली आणि गेली.

अहवाल आला. पाण्यात क्रोमियम मर्यादेच्या कितीतरी पट होतं. बोअर बंद झाली, वस्तीला नळ आला. राधाबाईंचा आजार त्यामुळेच का, हे मी एका डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, आता सांगता येत नाही. तेवढाच दिलासा म्हणून मी सुखदेवांना ते कळवलं.

"मॅडम," ते म्हणाले, "'सांगता येत नाही' हे मी सात वर्षं स्वतःला सांगतोय."

निधी फक्त तपासणीचा होता. गाळ काढायला पैसा नव्हता, तो अजूनही आलेला नाही. जागेला पत्रे ठोकले, आयटी पार्क दुसरीकडे गेला. आम्रपालीने बंगळूरला बदली करून घेतली. सुखदेव त्याच खोलीत राहिले आणि २०१० च्या मार्चमध्ये वारले.

त्यांच्या पुण्यानुमोदनाला मी गेले होते. बुद्धवंदना संपली, माणसं पांगली, तेव्हा आम्रपाली माझ्याजवळ येऊन बसली.

"खोदाईनंतर आठवड्याने फोन आला होता त्यांचा," ती म्हणाली. "म्हणाले, माझं चुकलं, मला माफ कर. मी म्हटलं, विचार करून सांगते."

तिने पदर तोंडावर दाबून धरला.

"दोन वर्षं मी विचारच करत होते, मॅडम."