उरलेल्या पाण्याची नळी

चिझुरुला घरातल्या माणसांची खबर त्यांच्या कपड्यांतून लागायची. धाकट्याच्या खिशातून वाळू निघाली नाही, म्हणजे आज त्याला कोणी खेळायला घेतलं नाही. थोरली नागिसा व्हॉलीबॉलची मॅच हरली की तिची जर्सी बोळा होऊन टोपलीच्या तळाशी जायची. नवऱ्याच्या, नोबुयुकीच्या, शर्टाला तळणीचा वास आला की तो साहेबासोबत जेवून आलेला असायचा, आणि ते जेवण त्याच्या अंगी लागलेलं नसायचं. नऊ माणसांचं घर होतं ते: सासू-सासरे, नवरा, चार मुलं, लग्न न केलेली नणंद माचिको आणि ती. शाळेच्या स्वयंपाकघरात दिवसभर पोराटोरांसाठी भलीमोठी पातेली ढवळून यायचं आणि घरी येऊन टोपलीसमोर बसायचं. लोक वर्तमानपत्र वाचतात तशी ती टोपली वाचायची.

म्हणून त्या वर्षी शरदात सासऱ्यांचे कपडे एकाएकी गप्प झाले, ते तिच्या ध्यानात आलं. सासरे, तोकुजी, जन्मभर भाताची शेती केलेले. त्यांचे स्वेटर टोपलीत यायचे, मोजे यायचे. आतले कपडे मात्र येईनासे झाले. वाळवणाच्या दोरीवर ते धुतलेले दिसायचे, पण टोपलीत कधी पडलेच नव्हते.

त्याच सुमारास आंघोळीचा क्रम बदलला. गावातल्या सगळ्या घरांसारखंच त्यांच्याकडेही अंग बाहेर धुऊन मग टबातल्या कढत पाण्यात एकामागून एक बसायचं. पाणी सगळ्यांना मिळून एकच. पहिला मान अर्थातच बाबांचा, म्हणजे सासऱ्यांचा, शेवटचा नंबर चिझुरुचा. सकाळी तेच उरलेलं पाणी नळीनं वॉशिंग मशीनमध्ये ओढून घ्यायचं, कपडे त्यात धुवायचे आणि खळबळायला तेवढं नळाचं पाणी. एका संध्याकाळी जेवताना तोकुजींनी जाहीर केलं, की ताजं पाणी हल्ली कातडीला टोचतं, तेव्हा यापुढे आपण सगळ्यात शेवटी बसणार. आणि शेवटी आपण, तर सकाळी नळी टाकून मशीन लावायचं कामही आपलंच.

सासूबाई, तोमिए, मुळ्याचं लोणचं कुरकुरवत म्हणाल्या, "जन्मात स्वतःचा मोजा उचलला नाही या माणसानं. आता नळी धरणार म्हणे."

सगळे हसले. तोकुजीही हसले, पण जरा उशिरा. ते चिझुरुनं पाहिलं.

पर्सिमनची केशरी फळं सोलून वळचणीला वाळत टाकली होती, तेव्हाची गोष्ट. एका सकाळी चिझुरुचा कामावरचा एप्रन न्हाणीघराबाहेर राहिला होता, तो आणायला ती नेहमीपेक्षा लवकर गेली. दार बोटभर उघडं होतं. आत तोकुजी टबाजवळ उकिडवे बसले होते. कालच्या पाण्यात पायजमा आणि चादर घोळत होते, साबण लावत होते, पिळत होते. नांगर धरलेले ते हात. मग त्यांनी ते ओले कपडे मशीनच्या तळाशी घातले, वर घरच्या सगळ्यांचे कपडे रचले, नळी टबात सोडली आणि बटण दाबलं.

चिझुरु पाय न वाजवता मागे फिरली. त्या दिवशी ती एप्रनशिवाय कामावर गेली, आणि तिनं कुणालाही काही सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. कारण लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा तोकुजींचे वडील अंथरुणाला खिळलेले होते. त्यांची चादर बदलून झाल्यावर एकदा तोकुजी साके पिता पिता म्हणाले होते, "माझं असं सुनेला करावं लागलं, तर मला बर्फात नेऊन ठेवा." ते थट्टेत बोलले नव्हते.

आणि जानेवारीत, खिडकीच्या कडेपर्यंत बर्फ आलेलं असताना, मशीन मेलं.

एक लांबलचक किंकाळी फोडून ते पाण्यासकट थांबलं. नागिसा धावत आली. तिची जर्सी आत होती आणि त्याच दिवशी हवी होती. तिनं बाह्या वर केल्या. तोकुजी हातात नळी घेऊन उभे, नळीचं पाणी त्यांच्या मोज्यांवर ठिबकतंय.

"हात घालू नकोस!" ते इतक्या मोठ्यानं ओरडले की नागिसा जागीच थिजली.

चिझुरु दारात पोचली होती. "बरोबर सांगतायत आजोबा," ती म्हणाली. "वीज उतरली असेल त्यात. बाजूला हो तू." मग सासऱ्यांकडे न बघता, "बाबा, प्लग काढून कपडे तुम्ही काढाल ना? मला उशीर होतोय."

"काढतो," तोकुजी म्हणाले. "जा तुम्ही. जा."

तिनं मुलीला दंडाला धरून बाहेर नेलं. पोरीची जर्सी गेली ती गेलीच, वर आईवरचा रागही दिवसभर टिकला.

दुरुस्तीवाल्यानं मान हलवली, सुटे भाग मिळत नाहीत म्हणाला. नवं मशीन येईपर्यंत कपडे गाडीत घालून नाणी टाकायच्या लाँड्रीत न्यायचे ठरलं. पिशव्या भरताना चिझुरुनं पाहिलं, तोकुजींच्या वाटणीला एक जाड स्वेटर होता, बाकी काही नाही. त्यांच्या खोलीचं सरकतं दार बंद असायचं, आत रॉकेलची शेगडी पेटलेली असायची आणि दाराच्या फटीतून ओल्या कपड्यांचा दमट वास यायचा. ते तिला एक वेळ चाललं असतं. पण जेवताना मिसोचं सूप वाटीत तसंच राहू लागलं. चहाचा पेला उपडा. थंडीत तहान लागत नाही म्हणाले. त्यांचे ओठ फुटले. एकदा फावडं घेऊन बर्फ काढायला निघाले आणि पायरीवर बूट घालता घालता डोळे मिटून बसूनच राहिले.

पाणी पिणंच बंद केलं होतं त्यांनी. रात्र कोरडी जावी म्हणून माणूस स्वतःलाच सुकवत होता. शाळेतली पातेली ढवळताना ती नवऱ्याला सांगायचं वाक्य जुळवायची. 'बाबांना' इथपर्यंत यायची आणि अडायची. सांगितलं तर ते या घरात मान वर करून बसणार नाहीत. नाही सांगितलं तर एक दिवस त्या पायरीवरून उठणार नाहीत.

रविवारी दुकानात जायचं ठरलं: नोबुयुकी, चिझुरु, नागिसा आणि आपणहून गाडीत येऊन बसलेल्या तोमिए. तोकुजी बर्फ काढायला घरीच थांबले. गाडी निघताना ते खिडकीशी आले आणि हवापाण्याची चौकशी करावी तसं म्हणाले, "त्याला नळी असेल ना?"

"बघतो," नोबुयुकी म्हणाला.

"असेल, बाबा," चिझुरु म्हणाली.

दुकानात नोबुयुकी थेट ड्रमच्या मशीनपाशी गेला. पुढून गोल दार, जहाजाच्या खिडकीसारखं. चष्मेवाला विक्रेता मनापासून समजावत होता. हे कपड्यांचा अंदाज स्वतः घेतं, एवढंसं पाणी वापरतं, साबणही आपला आपण घेतं, आणि धुऊन झालं की वाळवतंही. नऊ माणसं म्हणता? मग तर हेच. नागिसानं लगेच त्या दारात डोकं घालून आत हाक मारून पाहिली.

चिझुरुनं आत हात घातला. कोरडं, गुळगुळीत, रिकामं. वीस हिवाळे तिनं घरभराचे ओले कपडे ओसरीत काठ्यांवर टांगले होते. उजवा खांदा आता वर जाताना कुरकुरायचा. तिला हे मशीन हवं होतं. इतकं हवं होतं की तिनं हात पटकन बाहेर काढला.

नळीचं काय, तिनं विचारलं. विक्रेता म्हणाला की याला नळी नसते, आंघोळीच्या पाण्यातला केर वाळवायच्या भागात अडकतो. आणि मुळात पाणी इतकं कमी लागतं की उरलेलं वापरून वाचणार काय?

"झालं तर मग," नोबुयुकी म्हणाला. "बाबाही सुटले. म्हातारा माणूस थंडीत उठून नळी टाकत बसतो. झोपू दे की जरा."

चिझुरु म्हणाली, दार भिंतीला अडेल. नोबुयुकी मोजून आला होता, अडणार नव्हतं. ती म्हणाली, टॉवेल कडक होतील. विक्रेता म्हणाला, उलट मऊ होतील. मग तिनं मुलांच्या चिखलाचं काढलं. तिथं विक्रेता जरा घुटमळला, चिखलाला वरून उघडणारं उभं मशीनच बरं, हे त्यानं कबूल केलं. तिकडे एक होतं, मोठं, नळीसकट, पाण्याला बेताचंच. फक्त वाळवत नाही.

नोबुयुकी हसायलाच लागला. "अगं, खांदा कोणाचा दुखतो? माझा? वर्षभर वाळवणाच्या नावानं रडलीस, आणि आता मशीन समोर आलं तर तुला चिखल आठवतोय."

'बाबांना' हा शब्द पुन्हा जिभेवर आला. नागिसा बाजूलाच उभी होती. विक्रेता वाट बघत होता. आता बोलली नाही, तर घरी जाऊन सासऱ्यांच्या तोंडाकडे कसं बघायचं? आणि बोलली तर कसं?

तेवढ्यात तोमिए आल्या. आल्यापासून त्या पलीकडे अंग रगडणाऱ्या खुर्चीत बसून थरथरत होत्या. केस विस्कटलेले तसेच. ड्रमभोवती एक चक्कर मारून त्यांनी विचारलं, "ह्याची नळी कुठाय?"

नोबुयुकीनं पुन्हा सगळं समजावलं.

"गरम पाणी गटारात सोडायचं? माझ्या घरात?"

"आई, आता कोण वापरतं ते पाणी? याला लागतच नाही."

"याला नसेल लागत." तोमिए मुलाकडे बघत नव्हत्या, सुनेकडे बघत होत्या. "तुझ्या बाबांना लागतं. सकाळचं तेवढं एक काम उरलंय त्यांना. तेही काढून घेणार आहेस?"

चिझुरुनं मान खाली घातली. सासूबाईंचा आवाज नेहमीसारखाच कडक होता. पण मिरी दळायच्या जात्यासारखं बोलणारी ही बाई नवऱ्याच्या कामाची काळजी करताना तिनं कधी ऐकली नव्हती.

"उभंच घ्या," चिझुरु म्हणाली. "नळीवालं. वाळवायचं मी बघते."

"खांदा?" नोबुयुकी म्हणाला.

"वाळवायला तू शीक," तोमिए म्हणाल्या. "हात आहेत ना?"

नोबुयुकी आणि नागिसा पत्ता लिहून द्यायला गेले. दोघी गाडीत बसल्या. काचेवर बर्फ पडत होतं. मग तोमिएंनी पुढे बघतच विचारलं, "तुला कधीपासून?"

"पर्सिमन टांगली तेव्हापासून."

"मला कापणीपासून." त्यांनी हातमोजे काढले, परत घातले. "चादर दोरीवर असते, तिचा कोपरा मी हुंगते. बरं धुतात हो. तुझ्यापेक्षा बरं."

चिझुरुला हसू आलं आणि त्यासोबत डोळ्यांत पाणीही. तोमिए म्हणाल्या, मंगळवारी माझा गुडघा दाखवायला त्यांना सोबत नेते. डॉक्टरला आधी फोन करून ठेवलाय. गुडघा माझा, तपासणी त्यांची.

मशीन बुधवारी आलं. तोकुजींनी नळी स्वतः टबापर्यंत ओढून पाहिली, पुरते म्हणाले. दुसऱ्या सकाळी चिझुरु अंथरुणात जागी होती. पाणी ओढायचा गुळगुळ आवाज सुरू झाला तेव्हा कुठे ती उठली.

पण नव्या मशीननं एक नवी धास्ती लावली. ते कपडे आधी घुसळून वजन ताडायचं आणि किती साबण घालायचा तो आकडा झाकणाजवळ दाखवायचं. तळाशी ओले कपडे असले की फसायचं, ढीग मोठा समजून जास्त साबण मागायचं. नोबुयुकीनं दाढी करता करता ते हेरलं. रोज तेवढेच कपडे, मग कधी जास्त साबण, कधी कमी, हे कसं? मशीनच बिघडलेलं दिलंय, दुकानात फोन करतो, असं तो न्याहारीला बसल्यावर म्हणाला. तोकुजी चॉपस्टिक हातात धरून थांबले.

"थंडीनं होतं," चिझुरु म्हणाली. "पुस्तिकेत लिहिलंय."

"कुठं?"

"वाच ना सगळी," तोमिए म्हणाल्या. "जाडजूड आहे."

नोबुयुकीनं काही पुस्तिका वाचली नाही. चिझुरु मात्र रोज सकाळी न्हाणीघरावरून जाताना तो आकडा वाचू लागली. टोपली गप्प झाली होती, आता झाकण सांगायचं. मोठा आकडा, म्हणजे रात्र वाईट गेली. त्या दिवशी ती सासऱ्यांसमोर सूप ठेवून दुसरीकडे बघायची. डॉक्टरांच्या गोळ्या तोमिए 'माझ्या गुडघ्याच्या, तुम्हालाही चालतात' असं सांगून त्यांना द्यायच्या. ते निमूट गिळायचे. त्यांना काय कळलं होतं आणि काय नाही, हे कोणी विचारलं नाही.

फेब्रुवारीत छपरावरचं बर्फ घसरून धाडकन पडलं, त्या सकाळी आकडा लहान होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोठा. तिसऱ्या दिवशी लहान.

त्या संध्याकाळी चिझुरु सगळ्यांना चहा ओतत होती. तोकुजींचा पेला नेहमीसारखा उपडा होता. ती पुढच्या पेल्याकडे वळली.

तोकुजींनी पेला सुलटा केला आणि तिच्याकडे सरकवला.

"अर्धाच," ते म्हणाले.

तिनं अर्धाच ओतला.